काचेखालचा कॅमेरा: जॅक्सन पोलॉकवरच्या दहा मिनिटांच्या माहितीपटाची गोष्ट

नोव्हेंबर 1950 ची अखेर. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावात एका घराच्या आवारात हान्स नामूथ हा छायाचित्रकार कॅमेरा छातीशी धरून उताणा पडला आहे. त्याच्या वर लाकडी मांडणीवर आडवी ठेवलेली चार बाय सहा फुटांची काच. काचेवर वाकून अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक डब्यातला रंग काडीने सोडतो आहे. मधेच तो तारेची जाळी, दोरी, खडे, शिंपले काचेवर ठेवतो. अंग गोठवणारा वारा आहे आणि साडेचारच्या आत सूर्य मावळणार आहे.

हे चित्रीकरण संपवून दोघं घरात आले आणि पोलॉकने बर्बन व्हिस्कीचा पेला भरला. त्याआधी जवळजवळ दोन वर्षं तो दारूपासून लांब होता. त्या रात्री जेवणाला पाहुणे होते. पोलॉक आणि नामूथ यांच्यात वाजलं आणि पोलॉकने मांडलेलं टेबल पाहुण्यांदेखत उलटं केलं. पोलॉकबद्दल बोलताना हा प्रसंग सगळेच सांगतात, आणि सहसा असा सांगतात की कॅमेऱ्यानेच चित्रकाराला पाडलं. वाक्य चटपटीत आहे, पण त्यातून माहितीपट करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. खरा बोध चित्रीकरणाच्या व्यवस्थेत आहे. उजेड, जागा, कोन, रिळाची लांबी अशी एकेक अडचण नामूथने हुशारीने सोडवली. पण प्रत्येक वेळी त्या उपायाचा भार चित्रकाराच्या अंगावर पडला, आणि तो कुणी मोजला नाही.

आधी माणूस. पोलॉकचा जन्म 28 जानेवारी 1912 चा, वायोमिंग राज्यातल्या कोडी गावचा. चित्रकार ली क्रासनरशी लग्न झाल्यावर 1945 मध्ये दोघं स्प्रिंग्जला राहायला आले. आवारात जुनं लाकडी कोठार होतं, तीच त्याची काम करायची जागा. 1947 पासून तो कॅनव्हास जमिनीवर अंथरून चारही बाजूंनी फिरत रंग ओतू लागला. घराच्या दारं-खिडक्यांना लावायचा एनॅमल, अॅल्युमिनियम पेंट, वाळून कडक झालेले ब्रश, काड्या आणि स्वयंपाकघरातल्या काचेच्या पिचकाऱ्या, एवढीच त्याची हत्यारं. ऑगस्ट 1949 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला आणि तो एकदम घरोघरी पोचला. दारूचं व्यसन त्याला तरुणपणापासून होतं. 1948 च्या अखेरीपासून ते आटोक्यात आलं, त्यात ईस्ट हॅम्प्टनचे डॉक्टर एडविन हेलर यांचा मोठा हात होता. मार्च 1950 मध्ये हेलर मोटार अपघातात गेले. म्हणजे नामूथ जुलैमध्ये दारात आला तेव्हा पोलॉकचा मुख्य आधार तुटून चार महिने झाले होते. कोरडे राहण्याचे दिवस तो स्वतःच्या हिमतीवर रेटत होता.

नामूथ जर्मनीतल्या एसेनचा, मासिकांसाठी फोटो काढणारा. त्याला पोलॉककडे वळवण्यात ‘हार्पर्स बझार’चे कलासंचालक अलेक्सी ब्रोडोविच यांचा वाटा होता. ठरलेल्या दिवशी तो गेला तर पोलॉक म्हणाला, चित्र झालं, आता काढण्यासारखं काही नाही. कोठारभर ओला कॅनव्हास पसरला होता. तो नुसता पाहायला दोघं आत गेले. पोलॉक त्या कॅनव्हासकडे बघत राहिला आणि मग अचानक डबा उचलून कामाला लागला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेलं ‘वन: नंबर 31, 1950’ हे सुमारे 270 बाय 531 सेंटिमीटरचं चित्र ते हेच. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या हेमंतात नामूथने पाचशेहून जास्त फोटो काढले. आत उजेड कमी असल्याने शटर मंद ठेवावं लागलं, आणि हात-पाय फोटोत पुसट झाले. गंमत म्हणजे त्या पुसटपणामुळेच फोटो गाजले, कारण चित्रकार नाचतोय असं त्यात वाटतं.

फोटोत जमलं ते फिल्मवर जमणार नव्हतं. हिशोब करून पाहा. त्या काळच्या 16 मिमी रंगीत फिल्मची संवेदनशीलता आजच्या आयएसओ मापात 10 च्या आसपास होती. सेकंदाला 24 चौकटी म्हटलं की प्रत्येक चौकटीला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग मिळतो. भर उन्हात हे एफ 7 च्या जवळपास बसतं (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं त्याचं माप, आकडा लहान तितकं तोंड मोठं). मोकळ्या सावलीत एफ 2.8 ते 3.5 वर यावं लागतं. खिडकीच्या उजेडावर चालणाऱ्या कोठारात लेन्स पूर्ण उघडली तरी चित्र काळं येणार. दिवे लावायचे तर जनरेटर, केबल, माणसं हवीत, आणि नामूथकडे तेवढे पैसे नव्हते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचा पहिला छोटा प्रयत्न त्याने साध्या हातातल्या कॅमेऱ्याने करून पाहिला होता. रंगीत फिल्मसाठी पॉल फाल्केनबर्ग जोडीला आला. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ या 1931 च्या चित्रपटाचं संकलन केलेला हा कसलेला माणूस. उजेडावर तोडगा ठरला तो असा की पोलॉकने बाहेर, उघड्यावर रंगवायचं.

कॅमेऱ्यापुरतं बोलायचं तर निर्णय बरोबर होता. पण पोलॉकच्या कामात कोठाराचं काय स्थान होतं ते बघा. चार भिंतींमुळे कॅनव्हासची हद्द ठरायची. ओला कॅनव्हास तिथेच पडून राहायचा आणि कधी भिंतीवर लावून तो दिवसेंदिवस त्याकडे बघत बसायचा. रंगवण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ जायचा, आणि पुढचा हात त्या बघण्यातून निघायचा. बाहेर आवारात वारा आहे, पानं उडून येतात, ऊन सरकतं, आणि कॅनव्हासवर स्वतःचीच सावली पडते. ही सावली फिल्ममध्ये स्पष्ट दिसते आणि दिसायला फार देखणी आहे. पण काम करणाऱ्याच्या दृष्टीने ती अडथळा आहे, कारण ओल्या रंगावर हलणारा काळा डाग पडला की खालच्या रेघा वाचता येत नाहीत. लाँग आयलंडवर नोव्हेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 28 अंश वर असतो, तेव्हा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेदोन पटीहून लांब पडते.

रंगाचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्यात एनॅमलचा डबा उघडा ठेवला की बघता बघता वर साय धरते. तिकडच्या थंडीत उलटा त्रास. रंग घट्ट होतो, काडीवरून तुटत नाही, धार जाड पडते. पातळ करायला टर्पेंटाइन जास्त घातलं की तोच रंग पसरतो आणि रेघेची कड जाते. पोलॉकची सगळी कारागिरी ज्या धारेवर उभी, ती धारच हवामानाच्या हाती गेली होती. गोठलेल्या बोटांचा त्रास वेगळाच.

कॅमेऱ्याचा घास फार छोटा, ही पुढची अडचण. 16 मिमी फिल्मच्या एका फुटात 40 चौकटी असतात. सेकंदाला 24 च्या वेगाने मिनिटाला 36 फूट फिल्म जाते, म्हणजे शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. चावीच्या कॅमेऱ्यात स्प्रिंग त्याच्या आधीच उतरते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर पुन्हा चावी भरावी लागते. थांबा, चावी द्या, जागा बदला, उजेड मोजा, पुन्हा सुरू करा. अभिनेत्याला हे रोजचं आहे. पोलॉकचं काम मात्र न थांबता वाहणाऱ्या हालचालीचं. डबा हातात घेऊन तो वर्तुळात फिरत असताना ‘जरा थांब’ म्हटलं तर तो कुठून पुन्हा धरणार? पहिल्या खंडात सुचलेलं दुसऱ्या खंडात उरत नाही. फिल्ममध्ये तो बसून साधे बूट काढतो आणि रंगाने माखलेले बूट चढवतो, तो प्रसंग मुद्दाम करवून घेतलेला आहे, आणि तिथे काही बिघडत नाही. बूट दहादा घालता येतात. चित्र दहादा काढता येत नाही, आणि हा फरक वेळापत्रक आखतानाच कागदावर यायला हवा होता. कुठल्या कृती पुन्हा करून घेता येतील आणि कुठल्या एकदाच घडतील, अशा दोन याद्या शूटिंगच्या आधी करता येतात. दुसऱ्या यादीसाठी दोन कॅमेरे लागतात, नाहीतर काही भाग आपल्याला मिळणार नाही हे आधीच पत्करावं लागतं.

आता काचेकडे. नामूथची खरी तक्रार अशी होती की बाजूने शूट केलं तर माणूस दिसतो पण चित्र दिसत नाही, वरून केलं तर चित्र दिसतं पण चेहरा दिसत नाही. दोन्ही एका चौकटीत हवे होते. काच ही काही पहिलीच युक्ती नव्हती. बेल्जियमच्या पॉल हेझार्ट्सने त्याच सुमारास पिकासोला काचेवर रंगवायला लावून पलीकडून चित्रीकरण केलं होतं. पण पिकासोची काच उभी होती आणि त्याला रेषा काढायची होती. पोलॉकचा रंग खाली पडायला हवा, म्हणून काच आडवी आणि कॅमेरा तिच्या खाली.

असा शॉट आज कुणाला घ्यायचा असेल तर त्याने या गोष्टी बघाव्यात. चार बाय सहा फुटांची साधी काच 6 मिमी जाडीची घेतली तर तेहतीस किलोच्या घरात भरते. वर रंग, खडे, जाळी. खाली माणूस झोपणार असेल तर टफन केलेली काच आणि चारही कडांना आधार हवाच, फक्त दोन कडांवर टेकवून चालत नाही. फोकसची गोम आणखी वेगळी. काच लेन्सपासून पाऊण मीटरवर आणि चेहरा दीड मीटरवर असेल, तर 25 मिमीची लेन्स एफ 5.6 ला साधारण 65 ते 90 सेंटिमीटरपर्यंतच धारदार दाखवते. मग काच स्पष्ट येते आणि चेहरा विरघळतो. 15 मिमीची लेन्स एफ 8 ला तेवढ्याच अंतरावर लावली तर साधारण 45 सेंटिमीटरपासून सव्वादोन मीटरच्या आसपासपर्यंत सगळं येतं, पण एफ 8 ला लागणारं ऊन नोव्हेंबरात रोज मिळत नाही. शिवाय पाऊण मीटरवरून 15 मिमीच्या लेन्सला काचेची रुंदी जेमतेम अर्धा मीटर दिसते. सबंध सहा फूट एका चौकटीत हवे तर लेन्स काचेच्या पावणेतीन मीटर खाली जायला हवी, म्हणजे खड्डा खणा किंवा काच गच्चीवर न्या. नामूथच्या शॉटमध्ये चित्र तुकड्यातुकड्यानेच दिसतं ते म्हणूनच. आणि मागे मोकळं आकाश असल्याने चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर चेहऱ्यासाठी दोन घरं उघडलं, म्हणजे उजेड चौपट घेतला, तर आकाश जळतं. नामूथने आकाश राखलं, माणूस बराचसा छायाकृती होऊ दिला, आणि ते शोभलं.

प्रेक्षकाला जे शोभलं त्यात चित्रकाराचं काय झालं? पहिली गोष्ट, काच मांडणीवर असल्याने पोलॉकला तिच्यात पाय टाकता येत नव्हता. जमिनीवरच्या कॅनव्हासमध्ये उतरून, त्याच्याभोवती फिरून आपण चित्राच्या आत असतो, असं तो 1947 पासून सांगत होता. इथे त्याला कडेला उभं राहून वाकावं लागलं. हात आणि पृष्ठभाग यांतलं अंतर बदललं की धार पडण्याची उंची बदलते आणि खांद्यातून येणारा झोकही जातो.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. कॅनव्हासवर नंतरचा थर आधीच्या थराला झाकतो. चुकलं तर वरून सावरता येतं. काचेच्या खालून बघणाऱ्याला मात्र पहिला पडलेला थेंब कायम सगळ्यांत पुढे दिसतो आणि नंतरचं सगळं त्याच्या मागे जातं. म्हणजे खालून पाहिलं तर पोलॉकला काहीच सावरता येत नाही, पहिली रेघ हीच शेवटची. आणि तो स्वतः वरून बघत असल्याने खालून काय दिसतंय ते त्याला कळतही नाही. चित्राला दोन दर्शनी बाजू झाल्या, एक त्याची आणि एक कॅमेऱ्याची. फिल्ममधल्या निवेदनात तोच सांगतो की काचेवरच्या पहिल्या चित्राशी त्याचा संबंध तुटला आणि त्याने दुसरं सुरू केलं. काच पुसली जाताना आपण बघतो. संकलनात हा प्रसंग ठेवला, याबद्दल फाल्केनबर्गला पूर्ण गुण. सगळ्या फिल्ममध्ये काम अडखळल्याची कबुली एवढीच आहे.

दुसऱ्या प्रयत्नात झालेलं काचचित्र म्हणजे ‘नंबर 29, 1950’. ते आज ओटावाला, कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. फिल्मसाठी म्हणून सुरू झालेली वस्तू संग्रहालयात गेली, तेव्हा फिल्मसाठी जे बनेल ते कुणाचं आणि त्यावर सही होणार का, हे करारात आधी लिहिलेलं बरं.

पुढच्या वर्षी संकलन आणि ध्वनी. आधी बालीचं गॅमेलन संगीत लावून पाहिलं होतं. पोलॉकला ते पटलं नाही, परदेशी सुरावटीने आपलं काम उगाच गूढ वाटेल आणि आपण तर अमेरिकन चित्रकार, असा त्याचा आक्षेप. मग मॉर्टन फेल्डमन या तरुण संगीतकाराने दोन चेलोंसाठी तुकडा लिहिला आणि मोबदल्यात पोलॉकचं एक रेखाटन घेतलं. निवेदन पोलॉकच्या आवाजात आहे. त्यात तो आपलं वय 39 सांगतो, म्हणजे आवाज जानेवारी 1951 नंतरचा आणि चित्रं त्याआधीची. बराचसा मजकूर त्याने आधी लिहिलेल्या-बोललेल्या वाक्यांतून घेतलेला, आणि तो वाचून दाखवल्यासारखा सपाट ऐकू येतो. बिनदारूच्या दिवसांतल्या शरीरावर पुन्हा प्यायला लागलेल्या माणसाचा आवाज चढवलाय, हे कळल्यावर फिल्म पुन्हा पाहावी. ‘जॅक्सन पोलॉक 51’ जून 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखवली गेली.

आता दोषाचा प्रश्न. फिल्ममुळे तो पुन्हा प्यायला, असं ठामपणे म्हणता येत नाही. हेलर गेले होते. 28 नोव्हेंबरला बेटी पार्सन्स गॅलरीत त्या वर्षीच्या मोठ्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं, म्हणजे तोंडावर परीक्षा. थंडी होती, घरात सणाच्या दिवसांतले पाहुणे होते. व्यसनाच्या आजारात एवढी कारणं एकत्र आली की एकाला धरून फाशी देता येत नाही. पण भांडणात ‘ढोंगी’ हा शब्द फिरत होता, असं तिथे हजर असलेल्यांनी सांगितलं आहे, आणि तो शब्द हवेतून आलेला नव्हता. महिनोन् महिने ‘थांब, पुन्हा कर, इकडून ये’ ऐकत, जे आतून यायला हवं ते सांगितल्या वेळी करून दाखवायचं. असं करणाऱ्याला आपण नाटक करतोय का, ही शंका येणारच. 1951 मध्ये त्याने काळ्या रंगातली आकृतिप्रधान चित्रं केली, पुढे काम विरळ होत गेलं. 11 ऑगस्ट 1956 ला स्प्रिंग्जजवळ दारूच्या नशेत चालवलेली गाडी उलटून तो मेला. गाडीतल्या दोघींपैकी एकीचाही जीव गेला.

व्यसनातून सावरणाऱ्या कलावंतावर फिल्म करताना काही गोष्टी यातून सरळ निघतात. प्रदर्शनाच्या आठवड्यात शूटिंग ठेवू नये. पैसे वाचवायला ऋतू पुढे ढकलू नये. सप्टेंबरात जे जमतं ते नोव्हेंबरात दुप्पट महाग पडतं, आणि तो खर्च हिशोबाच्या वहीत दिसत नाही. शेवटच्या शॉटनंतरचे दोन तास कोण त्याच्याबरोबर असणार, हे ठरलेलं असावं. काम संपलं की अंगातला ताण सैल पडतो, आणि पहिला पेला अशाच वेळी भरला जातो. आणि थांबण्याचा अधिकार कलावंताकडे खराखुरा हवा, नुसता तोंडी नको.

एवढं होऊन फिल्मचं मोल कमी होत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या 1998 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने पेपे कार्मेल याने नामूथचे फोटो आणि फिल्मच्या चौकटी संगणकावर जोडून कॅनव्हासच्या आधीच्या अवस्था उभ्या केल्या. खालच्या थरांत मानवाकृतींसारखे आकार होते आणि वरच्या जाळ्यात ते झाकले गेले, हे त्यातून पुढे आलं. 2019 मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत द्रवगतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पोलॉकच्या हालचालींचं चित्रीकरण वापरून हाताचा वेग आणि उंची मोजली. घट्ट द्रवाची धार हळू सोडली तर ती मधासारखी वेटोळी घालते. पोलॉक हात एवढा भरभर आणि एवढ्या उंचीवरून फिरवत होता की वेटोळी पडत नव्हती, हा त्यांचा निष्कर्ष. अशा मोजमापाला एक सावधगिरी हवी: चावीच्या कॅमेऱ्याचा वेग स्प्रिंग उतरताना बदलू शकतो, आणि उघड्यावर कॅमेऱ्यासमोर काम करणारा पोलॉक म्हणजे कोठारातला पोलॉक नव्हे.

कोठारात 1953 मध्ये विजेचे दिवे आले आणि जमिनीवर नव्या पाट्या बसल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, घराचं संग्रहालय होताना, त्या पाट्या काढल्या तेव्हा खाली जुन्या चित्रांच्या कडांवरून उडालेले थेंब आणि रेघा जशाच्या तशा निघाल्या. आता पाहुणे बूट काढून मऊ सपाता घालून त्यावर चालतात. ज्या उजेडात ती चित्रं झाली त्यात नामूथचा रंगीत कॅमेरा चालत नव्हता.